विद्येचा खर्च कोणी सोसावा?

उन्हाळा सरत आला आणि बारावीचा निकाल लागला, की आमच्या ओसरीवर माणसांची ये-जा वाढते. बाप पुढे, मुलगा त्याच्या मागे, मुलाच्या हाती प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले गुणपत्रक. आई बहुधा दाराशीच उभी राहते. प्रत्येकाचे विचारणे एकच असते : "पाळकसाहेब, याला कोठे घालावे?" मग कॉलेज कोणते, शाखा कोणती, शहर कोणते, यांविषयी घटका घटका बोलणे चालते. परंतु हा खर्च कोठून यावयाचा, घरातल्या कोणाच्या वाट्यातून तो निघावयाचा, आणि एवढे देऊन जे पदरी पडणार ते नेमके काय आहे, हे प्रश्न क्वचितच कोणी काढतो. ते काढणे हे वडीलधाऱ्यांचे काम होय. म्हणजे पुष्कळ अंशी ते आमचेच आहे. आणि ते आम्ही नेहमी केले असे आम्हांस म्हणता येत नाही. या लेखाचे कारणच ते आहे.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या भागातील एक उपदेशक, वेतन थोडे, तीन एकर जिरायत जमीन, एक मुलगा व एक मुलगी, असे कुटुंब. मुलगा बारावीस मध्यम गुणांनी उत्तीर्ण झाला. त्याच सुमारास एका खाजगी अभियांत्रिकी कॉलेजाची माणसे चकचकीत माहितीपुस्तके घेऊन गावोगाव फिरत होती. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर काचेची उंच इमारत व हसतमुख मुलेमुली. वर्षाची फी लाखाच्या घरात, वसतिगृह व खाणावळ वेगळी. उपदेशक ते पुस्तक घेऊन आमच्याकडे आले व म्हणाले, "साहेब, धाडस करावे का?" आम्ही म्हणालो, "शिक्षणासाठी काढलेले कर्ज ते कर्ज नव्हे. ती पेरणी आहे." वाक्य आम्हांस स्वतःलाच आवडले. पुढील रविवारी आम्ही मुलाचा प्रवेश उपासनेत जाहीर केला आणि मंडळीने टाळ्याही वाजविल्या. त्याच्या दोनच आठवडे आधी, बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने प्रथम खाली बसून खर्चाचा हिशेब करावा, या दाखल्यावर आम्ही उपदेश केला होता, हे आम्हांस त्या वेळी स्मरले नाही.

फीपुरते कर्ज बँकेने दिले. वसतिगृहासाठी व खाणावळीसाठी एक एकर जमीन गहाण टाकून सावकाराकडून शेकडा तीन दराने पैसे आणले. शेकडा तीन म्हणजे महिन्याला. वर्षाचे ते छत्तीस होतात, हे उपदेशकांस ठाऊक होते, पण मोठ्याने कोणी म्हटले नाही. मुलगा काही आळशी नव्हता. मराठी शाळेतून गेलेला, वर्गातले इंग्रजी त्याच्या डोक्यावरून गेले, गणिताचे दोन पेपर पुन्हा पुन्हा मागे राहिले, आणि चार वर्षांची पदवी पाच वर्षांत हाती आली. मग चाकणच्या एका कारखान्यात महिना सोळा हजारांवर तो लागला. तेथे त्याच्याच गावचा एक सोबती आधीपासून होता. दहावीनंतर आयटीआयमध्ये दोन वर्षे फिटरचे काम शिकून तो तेथे पोहोचला होता. पगार जवळपास तोच. त्याच्या घरचे एक ढेकूळही गहाण पडले नव्हते.

तरी या गोष्टीतले खरे दुःख हे नव्हे. मुलाचे कॉलेजचे तिसरे वर्ष सुरू होण्याच्या वेळी धाकटी बहीण बारावी उत्तीर्ण झाली आणि तिचे गुण भावापेक्षा अधिक होते. तिला परिचारिकेचे शिक्षण घ्यावयाचे होते. घरात बैठक अशी झालीच नाही. बोलणे न होताच निर्णय झाला. ती दुसऱ्यांच्या रानात रोजाने कांदे काढावयास जाऊ लागली आणि तिची मजुरी सावकाराच्या व्याजाकडे गेली. एकदा आम्ही त्यांच्या घरी गेलो असता सहज विचारले, "काय बाई, पुढे शिकावयाचे नाही का?" ती पाण्याचा तांब्या आमच्यापुढे ठेवीत म्हणाली, "आमच्या घरातले शिक्षण दादाच्या फीत गेले, साहेब." रागाने बोलली नाही. दर पुसावा तसे बोलली. त्या तांब्यातले पाणी आम्ही कसे प्यालो ते आमचे आम्हांस ठाऊक.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की आम्ही महाविद्यालयीन शिक्षणाच्या विरुद्ध झालो आहोत. हल्ली तसे बोलणारे पुष्कळ आढळतात. पदवीधर बेकार हिंडतात, त्यापेक्षा पोराने लवकर हाताला काम लावावे, असे ते म्हणतात. हे मत आम्हांस मान्य नाही. आपल्यापैकी कित्येकांच्या आज्यापणज्यांची जमीन गेली ती दुष्काळाने जेवढी गेली तेवढीच कागदामुळे गेली. काय लिहिले आहे हे न कळता अंगठा उमटला म्हणून गेली. विद्येचा पहिला उपयोग म्हणजे तो अंगठा थांबविणे. आमच्या मंडळीत इतिहास विषय घेऊन बी. ए. झालेले एक गृहस्थ आहेत. नोकरी लागली नाही, शेती करितात. पगाराच्या मापाने त्यांचे शिक्षण वाया गेले असे म्हणावे लागेल. परंतु गावात सातबाऱ्याचा घोळ असो, विम्याचा अर्ज नामंजूर होऊन आलेला असो, लोक त्यांच्याच अंगणात जातात. एका विधवेचा विम्याचा दावा कंपनीने परत पाठविला होता. त्यांनी करारपत्र दोन रात्री वाचले, तिच्या बाजूचे कलम शोधून काढले आणि पैसे मिळवून दिले. ते कलम इतिहासाच्या कोणत्याही पुस्तकात नव्हते. परंतु लांब, कंटाळवाणा, आपणांस दबविण्यासाठीच जणू लिहिलेला मजकूर न घाबरता शेवटपर्यंत वाचण्याची सवय त्यांना कॉलेजानेच लाविली, असे ते स्वतः म्हणतात.

तेव्हा विद्या थोर आहे यात वाद नाही. वाद आहे तो एवढाच की, विद्या थोर म्हणून तिची प्रत्येक दुकानदारी थोर, आणि जितकी महाग तितकी थोर, असे आपण मानून चाललो आहो. धान्य चांगले ते महाग असते, बैल चांगला तो महाग असतो. म्हणून कॉलेजही तसेच असणार, असा आपला बाजारी अनुमान. येथे तो बहुधा उलटा पडतो. आपल्या देशात ज्या संस्थेत जागा मिळणे अत्यंत कठीण, ती पुष्कळदा सरकारी किंवा अनुदानित असते आणि तिची फी त्या मानाने कमी असते. पुण्याचे जुने सरकारी अभियांत्रिकी कॉलेज, जे १८५४ साली सुरू झाले व आता विद्यापीठ झाले आहे, ते याचे जवळचे उदाहरण. ज्यांस आयआयटी म्हणतात त्या संस्थांत ज्या घराचे वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत आहे त्याच्या मुलास शिक्षणशुल्क पूर्ण माफ असते, आणि पाच लाखांच्या आत असेल तर दोन तृतीयांश माफ असते. सगळ्याच महाग संस्था वाईट असे आम्ही म्हणत नाही. पण मध्यम गुणांच्या मुलास ज्या जागेचे सर्वांत मोठे आमंत्रण येते ती बहुतेक वेळा रिकामी राहिलेली जागा असते, इतके तरी बापाने ओळखून असावे.

आता अंकांविषयी. उपदेश ऐकून विसरतात, आकडा विसरत नाहीत. समजा, चार वर्षांच्या शिक्षणासाठी दरवर्षी एक लाख, असे चार लाख रुपये बँकेकडून दहा टक्के व्याजाने घेतले. शिक्षण चालू असता व त्यानंतर एक वर्ष हप्ता नसतो. यामुळे पुष्कळांस वाटते की तोवर व्याजही नसते. व्याज असते. पहिल्या लाखावर पाच वर्षांचे पन्नास हजार, दुसऱ्यावर चाळीस, तिसऱ्यावर तीस, चौथ्यावर वीस. एकूण एक लाख चाळीस हजार. म्हणजे पहिला हप्ता भरण्याच्या दिवशी कर्ज चार लाख नसून पाच लाख चाळीस हजार असते. ते दहा वर्षांत फेडावयाचे तर महिन्याचा हप्ता सुमारे ७,१०० रुपये, आणि एकंदर भरणा साडेआठ लाखांच्या वर. सोळा हजार पगाराच्या मुलाने यातून खोलीचे भाडे, जेवण व घरी पाठवावयाचे पैसे कसे भागवावे, हे घरच्यांनी प्रवेश घेण्यापूर्वी कागदावर मांडावे. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी शिकण्याच्या काळातील व्याजावर सवलत देणाऱ्या शासकीय योजना आहेत; त्यांच्या अटी संस्थेच्या मान्यतेवर व अभ्यासक्रमावर अवलंबून असतात, म्हणून बँकेत जाऊन त्या लेखी विचारून घ्याव्या. कॉलेजच्या एजंटाला विचारू नये.

थोरांची उदाहरणे येथे देतात, आणि ती द्यावीच. फक्त ती पूर्ण द्यावी. महर्षी धोंडो केशव कर्वे कोकणातल्या मुरूडचे. १८७५ साली परीक्षेस बसण्यासाठी सह्याद्री पायी ओलांडून ते साताऱ्यास गेले, आणि दिसण्यात लहान वाटतो म्हणून त्यांस परीक्षेस बसू दिले नाही. ते परत आले. मॅट्रिक झाले १८८१ साली, म्हणजे वयाच्या तेविसाव्या वर्षी. मग मुंबईस प्रथम मिशनच्या विल्सन कॉलेजात व पुढे एल्फिन्स्टन कॉलेजात, शिकवण्या करून पोट भरीत, १८८४ मध्ये ते बी. ए. झाले. आज सव्विसाव्या वर्षी पदवी घेणाऱ्याकडे आपण मागे पडलेला म्हणून पाहतो. कर्व्यांचा मार्ग लांबला खरा. पण तो त्यांच्या स्वतःच्या पायांवर चालून झाला.

डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले, हे आपल्या प्रत्येक मुलास ठाऊक आहे. पुढचे फार थोड्यांस ठाऊक असते. लंडनमधील अभ्यास अर्ध्यावर असता शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली त्यांस परत यावे लागले. परत आल्यावर त्यांनी काय केले? १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी धरली, काटकसर करून पैसे साठविले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य व नवल भथेना या मित्राकडून काही कर्ज घेतले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये त्यांस डी. एस्सी. मिळाली. शिक्षण मध्ये थांबविणे म्हणजे शिक्षण सोडणे नव्हे, हे याहून स्पष्ट कोणी सांगावयाचे राहिले आहे? आणि कर्ज त्यांनीही काढले, हे आम्ही लपवीत नाही. पण ते काढण्यापूर्वी त्यांच्या हाती स्वतःची बचत होती, आधीच्या पदव्या होत्या, आणि पुढे काय शिकावयाचे ते नेमके ठरलेले होते.

कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी साताऱ्याच्या वसतिगृहातील मुलांच्या अन्नासाठी आपले दागिने विकले, मंगळसूत्रदेखील मोडले. ही हकीकत सांगून आमच्याच एका बंधूने पत्नीच्या गळ्यातले मोडून मुलाची देणगी भरली. आमचे त्यांस इतकेच सांगणे होते की, लक्ष्मीबाईंचे सोने अनेक घरांच्या मुलांच्या ताटात गेले. ते एका मुलाच्या नावापुढे अक्षरे लावण्यासाठी गेले नाही. त्याच भाऊरावांनी १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज काढले, तेथे 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर मुले श्रम करून आपला खर्च भागवीत. ही योजना त्या कॉलेजापुरती राहिली नाही. राज्यातील कित्येक विद्यापीठांत व कॉलेजांत ती या ना त्या रूपाने चालते, आणि गरीब मुलाने प्रवेशाच्या दिवशीच तिची चौकशी करावी.

येथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. आमच्या मंडळीतील एका तरुणाने तो आमच्या तोंडावर केला. तो म्हणाला, "साहेब, परवडेल तेच शिका असे तुम्ही आम्हांस सांगता. श्रीमंताच्या पोराला असे कोणी सांगत नाही. मग पिढ्यान्‌पिढ्या आम्हांस जे सांगितले गेले, की आपल्या पायरीने राहा, तेच तुम्ही गोड शब्दांत सांगत नाही काय?" आम्ही त्या रात्री बराच वेळ जागे राहिलो. कारण आपल्या लोकांस पायरी दाखविणाऱ्यांची परंपरा मोठी आहे, आणि त्या रांगेत आमचे नाव लागावे याचे आम्हांस भय वाटले.

पुष्कळ विचारांती आमचे म्हणणे असे ठरले. मुलाने उंच जाऊ नये असे जो म्हणेल तो त्याचा शत्रू होय. ज्या मुलीस वैद्यकाच्या सरकारी कॉलेजात जागा मिळाली तिच्यासाठी साऱ्या मंडळीने झोळी फिरवावी, आणि आम्ही ती प्रथम फिरवू. आमचा विरोध उंचीला नाही, तिच्या नावाने आकारलेल्या किमतीला आहे. गरिबाला त्याच्या पायरीवर बांधून ठेवणारी आजची दोरी कोणती? पूर्वी ती शाळेच्या बंद दाराची होती. आज दार उघडे आहे, आणि आत जाणाऱ्याच्या पायांस हप्त्याची दोरी बांधली जाते. कर्जात बुडालेला पदवीधर मनासारखी नोकरी निवडू शकत नाही, वाईट मालकाला नाही म्हणू शकत नाही, पुढे शिकू शकत नाही. स्वातंत्र्यासाठी म्हणून घेतलेल्या विद्येने पहिली गोष्ट गहाण टाकिली ती स्वातंत्र्यच. त्या तरुणास हे पूर्ण पटले असे दिसले नाही. श्रीमंताला ही काळजी करावी लागत नाही हा अन्यायच आहे, असे तो म्हणाला. आणि ते आम्हीही कबूल केले. अन्याय आहे खरा. परंतु सावकाराचे व्याज देऊन तो दूर होत नाही.

मग परवडणारे मार्ग कोणते? सगळे येथे सांगता येणार नाहीत, पण आमच्या वाचकांच्या आटोक्यातले काही सांगतो. दहावीनंतर सरकारी तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका करता येते, आणि ती चांगल्या रीतीने झाली तर अभियांत्रिकीच्या पदवीला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. पदविकेवर आधी नोकरी धरावी की पुढे शिकावे हे त्या वेळी ठरविता येते. हा मार्ग आपल्या मुलांस विशेष सोयीचा, कारण मध्ये थांबावयाची जागा आहे. आयटीआयचा उल्लेख वर आलाच. त्यानंतर कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून राहिल्यास विद्यावेतन मिळते. तालुक्याच्या गावचे अनुदानित कॉलेज, जेथे मुलगा सकाळच्या एस. टी.ने जाऊन दुपारी घरी येतो, त्यास आपण उगीच नाक मुरडतो. तेथे ग्रंथालय असते. बहुतेकदा ओस पडलेले असते, हा दोष कॉलेजचा नव्हे. मुलींच्या बाबतीत तर २०२४ साली महाराष्ट्र शासनाने मोठी गोष्ट केली : ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे अशा आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ केले. दाखले वेळेवर काढावे लागतात. जूनमध्ये तहसील कचेरीत धावाधाव करण्यापेक्षा जानेवारीतच जावे.

आणि मुक्त विद्यापीठ. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले. त्याच्या चार वर्षे आधी दिल्लीस इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ झाले होते. कामधंदा सांभाळून शिकणाऱ्यांसाठीच ही आहेत. मात्र येथे आमची एक सूचना आहे. पुस्तके कपाटात ठेवून परीक्षेच्या आदल्या रात्री मार्गदर्शक पुस्तिका पाठ करणाऱ्यास या मार्गानेही कागदच मिळेल. स्वस्त झाला म्हणून कागद विद्या होत नाही. एकट्याने वाचण्याची शिस्त ज्यास नाही, त्याने दोघाचौघांची सोबत धरावी. आमच्या दिवाणखान्यातला दिवा त्यासाठी रात्री दहापर्यंत चालू असतो.

त्या दिव्याखाली गेल्या आषाढापासून एक मुलगी येऊन बसते. तिचे वय आता पंचवीस आहे. सावकाराचे देणे मागील वर्षी फिटले, जमीन सुटली, बँकेचे हप्ते भाऊ चाकणहून भरतो. तो चांगला मुलगा आहे, आणि या वर्षीची तिची फी त्यानेच, कोणी न सांगता, पाठविली. परिचारिकेच्या शिक्षणाचा विचार तिने सोडला आहे. मुक्त विद्यापीठात बी. कॉम.साठी नाव घातले आहे. प्रवेशाच्या अर्जासाठी तिचा बारावीचा दाखला हवा होता, तो उपदेशकांनी पत्र्याच्या पेटीतून काढून आणिला. घडीवर फाटला होता, तो त्यांनी मागून चिकटपट्टी लावून नीट केला होता. आम्ही त्यांस म्हणालो, "उपदेशक, नऊ वर्षांपूर्वी आम्ही तुम्हांस चुकीचा सल्ला दिला." ते काही वेळ गप्प राहिले, आणि मग म्हणाले, "साहेब, तिने हिशेबतपासणीचा विषय घेतला आहे. आता आमच्या घरात तो तीच करील."

पहिल्या सत्राची परीक्षा तालुक्यास आहे. एस. टी. सकाळी सातला निघते.